मातीला पोचता येईल एवढं अंतर

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात. परतताना उंचावरचे वेगवान पश्चिमी वारे पाठीशी असतात, म्हणून वेळ थोडा वाचतो. कारंजा तालुक्यातल्या आमच्या धनजमध्ये ज्यांची मुलं तिकडे आहेत, ती म्हातारी माणसं किलोमीटर विचारत नाहीत. फोन लागला की पहिला प्रश्न ठरलेला : "तिकडं उजाडलं का रे?"

मला हा प्रश्न फार अचूक वाटतो. अंतर वेळेत मोजायची रीत आमच्या वाशीम जिल्ह्याला परकी नाही. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांनी ‘महाभास्करीया’त लंकेपासून अवंतीवरून मेरूकडे जाणाऱ्या मध्यरेषेवरची ठिकाणं सांगितली आहेत. त्यांत वात्स्यगुल्म आहे, म्हणजे आजचं वाशीम. दोन गावं पूर्व-पश्चिम किती दूर आहेत हे काढायला त्या काळी चंद्रग्रहण कामी येई. ग्रहण एकच, पण ते लागलं तेव्हा दोन्हीकडची स्थानिक वेळ वेगळी. त्या फरकाच्या जितक्या घटका, तितकं अंतर. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. धनज आणि न्यूयॉर्क यांच्यात दीडशेहून थोडे अधिक अंश आहेत, म्हणजे सूर्याचे दहा तास. घड्याळं हा फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास दाखवतात, हिवाळ्यात साडेदहा. इकडे दिवेलागण होते तेव्हा तिकडे पोरगा कामावर निघालेला असतो.

विमानाचे तास मात्र धनजपासून सुरू होत नाहीत. पूर्वी बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसने रात्र काढून मुंबई गाठायची. आता समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून जातो. 5 जून 2025 पासून तो नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंत, 701 किलोमीटर, पूर्ण खुला आहे. त्याच वर्षी 16 एप्रिलला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं. सोयी वाढल्या, हे खरंच मोठं काम झालं. तरीही तिकीट मिळवणं, विमानतळावर आधी पोचणं, मुंबईत उतरून इकडे येणं हे सगळं धरलं की दीड-दोन दिवस जातातच.

आणि हिशेबाची खरी गरज पडते ती घरातलं कुणी गेलं की. गावात सकाळी माणूस गेलं तर संध्याकाळपर्यंत माती होते. लेक परदेशात असली की भावकीत बोलणी सुरू होतात : थांबायचं की उरकायचं? थांबायचं तर शवपेटी आणावी लागते, उन्हाळा असला तर वीज जाण्याची धास्ती, म्हातारे उपाशी बसलेले. "तिला व्हिडिओवर दाखवू" असं कुणीतरी म्हणतं, आणि त्या बोलण्यात वाईट हेतू नसतो.

पण ती निघाली असेल तर थांबावं, असं मला ठामपणे वाटतं. तिचं विमान कुठवर आलं हे फोनवर दिसतं. अंगणात बसलेल्यांना ते दर तासाला सांगणारा एक जण घरात असला, तर थांबणं सगळ्यांनाच जमतं.