दहा आकड्यांपुरतं काम

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या शेतकरी गटाची कापसाची नोंदवही एका छोट्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये असते. फुकट मिळतं म्हणून घेतलं, मग दुरुस्त्यांचं काम आपसूक माझ्याकडे आलं. वेचणीच्या हंगामात तक्रार आली. ऑपरेटर ताई मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून गट क्रमांक टाकायच्या, ४५/२, आणि पडद्यावर उमटायचं, 'नोंद सापडली नाही'. नोंद असायचीच, पण इंग्रजी आकड्यांत भरलेली. शेतकरी समोर कापसाचं गाठोडं टेकवून उभा.

संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी चिन्हं. युनिकोडमध्ये इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, देवनागरी शून्याचा २४०६, आणि पुढचे आकडे नऊपर्यंत ओळीने. देवनागरी आकड्याच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की काम झालं. पायथनला '४५'चा पूर्णांक करायला सांगा, मुकाट करून देतो. जावास्क्रिप्ट नकार देतं. आमचा प्रोग्रॅम जावास्क्रिप्टमधला, शिवाय तिरकी रेघ असल्यामुळे गट क्रमांक मजकूर म्हणूनच ताडला जातो. म्हणून ताडताना दोन्हीकडचे आकडे इंग्रजी करून घ्यायचे, साठवलेल्या नोंदीला हात लावायचा नाही. एक ओळ, सोबत दोन चाचण्या: एक निव्वळ देवनागरी आकड्यांची, दुसरी सरमिसळीची. सरमिसळ होतेच, घाईत कीबोर्ड अर्ध्यात बदलला जातो.

पॅच टाकला आणि सूचना सुरू झाल्या. एकाला सेटिंगमध्ये लिपी निवडायची सोय हवी होती. दुसरा म्हणाला, सगळ्याच भारतीय लिप्या घेऊन टाकू. झरी जामणी, पांढरकवडा तेलंगणाला लागून, तेलुगू आकडे नकोत का? मुद्दा ऐकायला गोड. पण तिकडचे तेलुगू बोलणारेही रोजच्या व्यवहारात आकडे इंग्रजीच लिहितात. तिसऱ्याने त्यासाठी तयार लायब्ररीच सुचवली. मला २०१६ चं लेफ्ट-पॅड प्रकरण आठवलं. अकरा ओळींचं ते पॅकेज लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि त्यावर विसंबलेले जगभरचे प्रकल्प बांधताना अडकले. दहा आकड्यांसाठी ही नवी उधारी कशाला?

सूचना करणारे सगळे मनापासून बोलत होते, म्हणून नाही म्हणणं जड गेलं. लिपी निवडायची सोय आली की तिचं भाषांतर आलं, जुन्या फोनवर तपासणी आली, आणि ताईंना आणखी एक बटण. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "नंबर टाकला का माणूस सापडला पायजे, बाकी राहू द्या ना जी." लिनक्सच्या कर्नलमध्येही प्रत्येक बदल आपापल्या पॅचमध्ये वेगळा पाठवा असाच दंडक आहे. तेवढा दाखला देऊन मी सूचना स्वतंत्र नोंदींत टाकल्या आणि पॅच होता तसाच मर्ज केला. नोंदी उघड्या ठेवल्यात. गरज पडेल तो उचलेल.

तेलुगू आकडे अजून कुणी मागितलेले नाहीत. दारव्ह्याहून मात्र एकाने कळवलंय की गावांच्या यादीत कळंब कवठ्याच्या आधी येतं. बरोबर आहे त्याचं. युनिकोडने ळ ल-च्या शेजारी बसवलाय, आपल्या वर्णमालेत तो ह-नंतर येतो. त्याचा पॅच वेगळा.