संतापाचे सोनेरी केस

"तळपायाची आग मस्तकात जाणे" या वाक्प्रचाराचं चित्र काढायचं झालं, तर अकिरा तोरियामाइतकं चोख दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. 'ड्रॅगन बॉल'मधला गोकू संतापतो, आग खरंच मस्तकात जाते आणि काळे केस सोनेरी होऊन उभे राहतात. सुपर सायन!

गंमत म्हणजे या सोनेरी केसांमागचं एक कारण अगदी आपल्या धंद्यातलं वाटावं असं आहे. मंगा कृष्णधवल. गोकूचे काळे केस शाईनं भरत बसण्यात असिस्टंटचा वेळ जायचा. सोनेरी म्हटलं की केस कोरे सोडता येतात. तोरियामानं हे मुलाखतीत सांगितलंय. याला म्हणतात ऑप्टिमायझेशन :-)

तर मुद्दा असा. "हिरो चिडला की त्याची ताकद वाढते" ही अ‍ॅनिमेतली सगळ्यात सोपी युक्ती, असं बरेच जण म्हणतात. मित्र मेला, हिरो ओरडला, व्हिलन खलास. मलाही कॉलेजात असताना तसंच वाटायचं. पण परवा सगळं पुन्हा बघायला बसलो आणि जाणवलं की प्रकरण इतकं सोपं नाहीये.

नामेक ग्रहावरचा तो प्रसंग घ्या (मंगात हा १९९१ साली आला). फ्रीझा क्रिलिनला मारतो. क्रिलिन आधी एकदा मेलेला आणि ड्रॅगन बॉल्सनी जिवंत झालेला, म्हणजे आता परत यायची वाट बंद. गोकू भडकतो. पण त्याआधी काय काय झालंय? नामेकला येताना यानात शंभरपट गुरुत्वाकर्षणात घाम गाळून झालाय. कायोकेन वीसपट करून झालंय. स्पिरिट बॉम्बही टाकून झालाय. ठेवणीतलं सगळं वापरून संपल्यावर मग राग येतो. शिवाय सोनेरी झाल्या झाल्या गोकू मुलाला, गोहानला, काय सांगतो? पिकोलोला घेऊन इथून निघ, माझी शुद्ध थोडी शाबूत आहे तोवर. या रागाची त्याला स्वतःलाच भीती वाटतेय.

माझ्यापुरतं सांगायचं तर, काही वर्षांपूर्वी एका अप्रेझलमध्ये माझं वर्षभराचं काम भलत्याच माणसाच्या नावावर गेलं. ओरडलो वगैरे नाही. केसही काळेच राहिले (जे होते ते). पण त्या रागानं मला तीन महिने रोज रात्री दोनपर्यंत जागं ठेवलं. अल्गोरिदम्स, सिस्टिम डिझाइन, मॉक इंटरव्ह्यू. नवी नोकरी मिळाली. म्हणजे राग चालतो बरं का, उगाच सात्त्विकपणाचा आव आणत नाही. पण नव्या ऑफिसात पहिल्या सोमवारी लॅपटॉप उघडला आणि आत एकदम शुकशुकाट. ज्याच्यावर दात ओठ खायचे तो माणूसच आता समोर नव्हता. आता काम कशाच्या जोरावर करायचं?

या प्रश्नाला सगळ्यात भीषण उत्तर 'हंटर × हंटर'मध्ये आहे. काइट कधीच बरा होणार नाही हे पिटूकडून कळल्यावर गॉन नावाचा पोरगा आपली पुढची सगळी क्षमता त्या एका क्षणासाठी गहाण टाकतो. एका झटक्यात मोठा, राक्षसी ताकदीचा माणूस होतो आणि पिटूला संपवतो. नंतर? हॉस्पिटलात एक वाळलेलं, ओळखू न येणारं शरीर. जीव वाचतो तो किलुआच्या धाकट्या भावंडामुळे, पण नेन वापरायची शक्ती गेलेलीच असते. टाळ्या वाजवाव्यात असं त्या विजयात काहीच नाही.

तोरियामाकडे मात्र आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात भारी. सेलशी लढायच्या आधी गोकू आणि गोहान काळकोठडीत राहतात. आतलं एक वर्ष म्हणजे बाहेरचा एक दिवस. बाहेर येतात ते सोनेरी केसांनीच आणि तसेच राहतात. जेवतात, झोपतात, मासे पकडायला जातात. पोरगं वाया गेलं म्हणून ची-ची कपाळाला हात लावते! गोकूचं म्हणणं असं की ही अवस्था इतकी सवयीची झाली पाहिजे, की तिच्यासाठी चिडावंच लागू नये.

पुढे अँड्रॉइड १६चं डोकं सेल पायाखाली चिरडतो तेव्हा गोहान पुन्हा फुटतोच. ताकद अफाट वाढते. पण तो सेलला लगेच संपवत नाही, त्याला अजून भोगायला लावायचं असतं. गोकू ओरडून सांगतोय, संपव त्याला. तो ऐकत नाही. मग सेल स्वतःचाच स्फोट करायला निघतो आणि त्याला पृथ्वीपासून दूर नेताना गोकू मरतो. रागाची किंमत बापानं मोजली.

म्हणून आजकाल कुणी ज्युनिअर चिडून "आता दाखवतोच त्यांना" म्हणाला, की मी त्याला शांत हो वगैरे सांगत नाही. दाखव की. फक्त त्या तीन महिन्यांत लागलेली अभ्यासाची सवय पुढे टिकव. माझी टिकली. राग कधी गेला, आठवतही नाही.

असो. सोमवार जवळ आलाय :-)