गाडी लहान, सायकली दोन, जिल्हा मोठा

यवतमाळ जिल्हा सायकलवरून पाहण्याजोगा आहे. परंतु घराच्या दारातून सायकल काढावी आणि निर्धास्तपणे निघावे, अशी सोय आता फारशी उरलेली नाही. सोळा तालुक्यांचा आणि १३,५८२ चौरस किलोमीटरांचा हा विस्तार. त्यात सागाची जंगले आहेत, काळ्या मातीची कपाशीची शेते आहेत, लहानमोठे जलाशय आहेत आणि गावागावांना जोडणारे शांत रस्तेही आहेत. मात्र त्या शांत रस्त्यांपर्यंत पोहोचण्यासाठी आधी शहरातली गर्दी आणि मग महामार्ग ओलांडावा लागतो. वणीकडे कोळशाचे ट्रक आणि हंगामात सर्वत्र कापसाच्या गाड्या. अशा वाहतुकीत दहा वर्षांच्या मुलाला सायकलवर सोडण्याचे धैर्य कोणत्या आईवडिलांना होईल? म्हणून सायकल जिन्याखाली धूळ खात राहते आणि मूल पडद्यासमोर बसते.

आरोग्याच्या दृष्टीने हे नुकसान लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, तर शाळकरी मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल मिळावी. रविवारी सकाळी दीड तास सहकुटुंब सायकल चालवली, तरी मोठ्यांच्या किमान हिशेबापैकी ९० मिनिटे एका बैठकीत पूर्ण होतात. प्रश्न फक्त सायकल सुरक्षित रस्त्यापर्यंत नेण्याचा आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ आता धावत नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तरी जिल्ह्याच्या बहुतेक भागांसाठी रस्ता हाच आधार आहे. त्यामुळे अनेक घरांत लहान गाडी घेण्याचा विचार होतो. तो करताना आपण गाडीपासून सुरुवात करू नये, असे सुचवावेसे वाटते. आधी रस्ता ठरवावा, मग सायकल मोजावी आणि शेवटी गाडी निवडावी. चला, याच क्रमाने जिल्ह्यात थोडे फिरून येऊ.

निळोणा आणि चापडोह : घराजवळची सकाळ

यवतमाळ शहराची तहान वर्षानुवर्षे भागवणारे निळोणा आणि चापडोह हे जलाशय शहरापासून जवळ आहेत. २०१८ च्या उन्हाळ्यातील भीषण पाणीटंचाई ज्यांनी अनुभवली, त्यांना या पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. हिवाळ्यात पहाटेचे धुके विरत असताना अशा परिसरात सायकल चालवणे हे फुप्फुसांना आणि मनाला सारखेच मानवते. अंतर थोडे, वेळ थोडा. त्यामुळे नव्या उपक्रमाची सुरुवात येथूनच करावी.

अशा छोट्या फेरीसाठी सायकल गाडीच्या आत ठेवणे सर्वांत सोयीचे. मोठ्या माणसाची सायकल साधारण पावणेदोन मीटर लांब असते. पुढचे चाक काढले की लांबी बरीच कमी होते. चाक हाताने सैल होणाऱ्या खटक्याचे असेल तर हे काम मिनिटभराचे. नटबोल्टचे असेल तर पाना सोबत हवा. मुलाची वीस इंची चाकांची सायकल बहुधा सहज मावते.

येथे गाडीची उंची आणि मागच्या दाराचे तोंड महत्त्वाचे ठरते. वॅगनआर दिसायला चौकोनी खोक्यासारखी वाटेल. पण १,६७५ मिलिमीटर उंची, ३४१ लिटरची डिकी आणि बहुतेक प्रकारांत ६०:४० अशी विभागून दुमडणारी मागची सीट, ही तिची बलस्थाने आहेत. सेलेरिओची डिकी ३१३ लिटरची, तर टियागोची सुमारे २४२ लिटरची. मात्र लिटरच्या आकड्यावर विसंबू नये. सायकल ही पाण्यासारखी आकार बदलत नाही. दाराची रुंदी, दाराची उंची, डिकीच्या उंबऱ्याची जमिनीपासूनची उंची आणि सीट दुमडल्यावर मिळणारी लांबी, ही चार मापे टेपने घ्यावीत. कित्येक लहान गाड्यांत दुमडलेली सीट सपाट न होता मध्ये पायरी राहते, तीही पाहावी. पंधरा-सोळा किलोंची सायकल उंच उंबऱ्यावरून वाकून उचलताना कंबर दुखावण्याची भीती असते. डिकीचा उंबरा खाली असलेली गाडी म्हणूनच पाठीच्या दृष्टीनेही बरी.

आत ठेवलेली सायकल पट्ट्यांनी घट्ट बांधणे अत्यावश्यक आहे. अचानक ब्रेक लागला तर मोकळी सायकल पुढे फेकली जाते आणि गंभीर इजा करू शकते. मागे मूल बसणार असेल, तर त्याच्या बाजूला पेडल किंवा हँडलचे टोक येणार नाही याची काळजी घ्यावी.

कळंब : तीन पिढ्यांची सहल

यवतमाळहून नागपूरकडे निघाले की वीस-बावीस किलोमीटरांवर कळंब लागते. येथील चिंतामणीचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून दर्शनाला जावे लागते. आजी-आजोबांना देवदर्शन, मुलांना सायकल आणि मधल्या पिढीला दोन्ही, असा बेत येथे जमतो. महामार्ग सोडून आतल्या गावरस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना कपाशी, तूर आणि अधूनमधून पळसाची झाडे भेटतात. फाल्गुनात ती केशरी होतात.

परंतु येथे एक अडचण उभी राहते, आणि ती आपण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. चार माणसे आणि चार सायकली एकाच वेळी पोटात घेणारी लहान गाडी अस्तित्वात नाही. मागची पूर्ण सीट दुमडली की गाडीत दोघेच बसतात. अर्धी दुमडली तर तिघे आणि एखादी सायकल. सर्वांना बसवायचे असेल, तर सायकली बाहेर न्याव्या लागतात.

बाहेर नेण्याचे दोन मार्ग आहेत. एक, मागच्या दारावर पट्ट्यांनी अडकवायचा कॅरिअर. तो तुलनेने स्वस्त असून काढून ठेवता येतो. मात्र सायकलींमुळे क्रमांकाची पाटी किंवा मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. तो नियमभंग तर आहेच, शिवाय मागून येणाऱ्याला आपला ब्रेक न दिसणे हा प्राणघातक धोका आहे. मागच्या काचेवर प्लास्टिकचा स्पॉइलर असेल, तर पट्टे नीट बसतात का ते आधी पाहावे. दुसरा मार्ग टपावरचा. त्यासाठी टप किती वजन पेलू शकतो हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. काही गाड्यांवरील टपाच्या पट्ट्या केवळ शोभेच्या असतात. टपावर सायकल चढवायला दोन माणसे लागतात, आणि वाऱ्याचा अडथळा वाढल्याने पेट्रोलही जास्त जळते.

आणखी एक पर्याय ध्यानात घ्यावा. ट्रायबर ही चार मीटरहून आखूड गाडी आहे. तिच्या तिसऱ्या रांगेतील सीटा पूर्णपणे काढून ठेवता येतात आणि मग ६२५ लिटरची जागा मोकळी होते. तिचे मायलेज वॅगनआरपेक्षा कमी, कंपनीच्या आकड्यांनुसार लिटरला एकोणीस-वीस किलोमीटरच्या आसपास आहे. पण घरात पाच माणसे असतील, तर हा तोटा सोसण्याजोगा आहे.

आणि घरातली सगळी माणसे एकाच वेळी सायकलवर असायलाच हवीत असे कुठे आहे? दोन सायकली न्याव्यात. मुलगा आणि आई एक फेरी मारतील, तोवर बाबा आजोबांसोबत चालतील, मग अदलाबदल. भरभर चालणे हाही व्यायामच आहे.

पांढरकवडा आणि टिपेश्वर : पेट्रोलचा हिशेब

यवतमाळहून पांढरकवडा सुमारे सत्तर किलोमीटर. जवळच १४८ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक क्षेत्र असलेले टिपेश्वर अभयारण्य आहे. येथे जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला आणि सुमारे ३,००० किलोमीटर भटकून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगेत स्थिरावला. हे कौतुक ऐकताना दुसरी बाजूही विसरू नये. याच पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात ‘अवनी’ वाघिणीमुळे गावोगाव भीती पसरली होती. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ती मारली गेली. म्हणून टिपेश्वरच्या आसपास, विशेषतः पहाटे आणि सायंकाळी, सायकलचा विचारही करू नये. या सहलीत सायकली घरी ठेवाव्यात आणि कॅरिअरही काढून ठेवावा. रिकामा कॅरिअरही वारा अडवतो आणि पेट्रोल खातो.

जाऊन-येऊन १४० किलोमीटरांच्या अशा फेऱ्यांमुळे मायलेजचे महत्त्व कळते. जाहिरातीतील चोवीस-पंचवीस किलोमीटरचा आकडा प्रयोगशाळेतील चाचणीचा असतो. प्रत्यक्षात वीस मिळाले तरी समाधान मानावे. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला वीस किलोमीटर देत असेल, तर ६०० लिटर पेट्रोल लागते. बारा देणाऱ्या मोठ्या गाडीला १,००० लिटर लागते. फरक ४०० लिटरांचा. लिटरला १०० रुपये धरले तरी ४०,००० रुपये झाले. एवढ्यात घरातील दोघांसाठी चांगल्या सायकली, हेल्मेट आणि कॅरिअर येऊ शकतो. शिवाय एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे वर्षाला नऊशे किलोंहून अधिक धूर आपण वाचवतो. तो मुलांच्या वाट्याला येणाऱ्या हवेतूनच कमी होतो.

पुसद–उमरखेड : ऊन, चिखल आणि काटे

जिल्ह्याच्या दक्षिणेकडे पुसद, उमरखेड आणि त्यापलीकडे नांदेडच्या सीमेवर पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा. ही लांबची वाट. येथे सीएनजी गाडीचा मोह होतो, कारण तिचा प्रवासखर्च कमी येतो. परंतु नेहमीच्या सीएनजी गाडीत टाकी डिकीतच बसते आणि सायकलची जागा खाऊन टाकते. काही गाड्यांत दोन लहान टाक्या तळाशी बसवून डिकी बरीचशी मोकळी ठेवलेली असते. टियागोमध्ये २०२३ पासून अशी रचना आहे. तरीही आपल्या नेहमीच्या वाटेवर गॅसचा पंप आहे का, याची चौकशी करूनच निर्णय घ्यावा.

पावसाळ्यात येथील काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये अशी बसते की चाक फिरेनासे होते. परतताना ती सगळी डिकीत येते. एक ताडपत्री आणि जुनी सतरंजी गाडीत कायमची असावी. बाभळीचे काटे बाराही महिने भेटतात. तेव्हा पंक्चरचे साहित्य आणि हातपंप विसरू नये. धबधब्याजवळ पाणी वाढलेले असताना मुलांना काठापासून दूर ठेवावे.

उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपुढे जातो. अशा वेळी बंद गाडीत ठेवलेल्या सायकलच्या टायरमधील हवा थोडी कमी करावी, कारण तापून टायर फुटू शकतो. सायकल चालवणे सकाळी आठच्या आत आटोपावे. पाणी, मीठ-साखर आणि डोक्यावर कापड सोबत असावे. खरा हंगाम मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

शोरूममध्ये जाताना

गाडी पाहायला जाताना आपली सायकल सोबत न्यावी. विक्रेता क्षणभर चकित होईल, पण कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा ती पाच मिनिटे अधिक शिकवतील. सायकल स्वतः उचलून आत ठेवावी, घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला मागे बसवून पाहावे, मुलाचा सीटबेल्ट लागतो का ते पाहावे. मागच्या आरशातून रस्ता दिसतो का, हेही तपासावे. आणि घरात आधीच एखादी जुनी लहान गाडी असेल, तर नवी घेण्यापूर्वी तिलाच एक कॅरिअर लावून दोन महिने फिरून पाहावे. पुष्कळदा तेवढे पुरते.

गाडीचे काम आपल्याला शांत रस्त्याच्या तोंडाशी आणून सोडण्याचे आहे. तेथून पुढचा जिल्हा आपल्या पायांनी पाहायचा आहे. या रविवारी टेप घेऊन जिन्याखालची सायकल मोजावी आणि ते माप वहीत टिपून ठेवावे. गाडीची निवड त्या आकड्यापासून सुरू होईल.