रांजणगांवची वाट आणि मोटारसायकलीचा उष्णतामापक

पुण्याहून अहिल्यानगरकडे (२०२४ पूर्वींचें अहमदनगर) जाणाऱ्या सडकेनें वाघोली, कोरेगांव भीमा व शिक्रापूर मागें टाकलें म्हणजे सुमारें ५० किलोमीटरांवर, शिरूर तालुक्यांत, रांजणगांव लागतें. अष्टविनायकांतील आठवा, महागणपति, तो येथील. देऊळ पूर्वाभिमुख असून दगडी गाभारा थोरल्या माधवराव पेशव्यांनीं बांधविला असें सांगतात. गांवाशेजारच्या औद्योगिक वसाहतींत मोटारी तयार होतात आणि शीतकपाटेंहि. ऐन चैत्रांत त्या वाटेनें जाणाऱ्यास यांपैकीं दुसरी वस्तु अधिक आठवते, हें वाचकांस सांगावयास नको.

आमच्या नानांचे सात गणपति झाले होते; हा आठवा तेवढा राहिला होता. वय ७६, आणि बंद मोटारींत बसलें कीं पोटांत ढवळतें. म्हणून आमच्या लांब पल्ल्याच्या मोटारसायकलीवर मागें बसून जावयाचें असें त्यांनींच ठरविलें. माईंनीं एका अटीवर संमति दिली: गाडीवरील हवेचा उष्णतामापक ४० च्या वर गेला कीं तेथूनच परत फिरावें. अट अवाजवी नव्हती. त्वचेचें तापमान सुमारें ३५ अंश असतें. हवा त्याहून तापली म्हणजे वारा अंगांतील उष्णता नेण्याऐवजीं उलट आंत आणूं लागतो, आणि घाम हाच काय तो आधार उरतो. त्यांत वृद्धांस तहान उशिरां कळते.

शिक्रापूरच्या चौकांतील कोंडींत, सकाळीं नऊ वाजतां, मापकानें ४२ दाखविले. रांजणगांव अर्ध्या तासावर होतें. नाना एवढेंच म्हणाले, "माईला शब्द दिला आहे. वळव." आम्ही वळलों. परतीच्या मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटांत आंकडा ३३ वर उतरला! सूर्य तर चढतच होता. नाना घरीं पोहोंचेपर्यंत बोलले नाहींत.

हवेचें तापमान कसें मोजावें हें पुणेकरांस नवें नाहीं. हवामान खात्याचें मुख्य कार्यालय १९२८ मध्यें सिमल्याहून पुण्यास आलें. १९४४ मध्यें तें दिल्लीस गेलें, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीचें 'सिमला ऑफिस' हें नांव कांहीं सुटलें नाहीं. वेधशाळेंत तापमापक उन्हांत ठेवीत नाहींत. झडपांच्या पांढऱ्या पेटींत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरांवर, वारा खेळेल पण ऊन लागणार नाहीं अशा बेतानें ठेवतात. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश स्थापत्यविशारदानें योजिली. कादंबरीकार स्टीव्हन्सन हा त्याचाच मुलगा. आमच्या गाडीचा सेन्सर मात्र रेडिएटरच्या मागें, एंजिनास खेटून बसला होता!

दुकानदार म्हणाला, नवा घाला. त्याआधीं जुन्याची परीक्षा करणें आम्हांस बरें वाटलें. रात्रभर थंड राहिलेल्या गाडीचा आंकडा पहांटे ओसरीवरील तापमापकाशीं जुळला. मग सेन्सर थर्मासांत, बर्फाचा चुरा घातलेल्या पाण्यांत बुडविला. आंकडा शून्यावर येऊन थांबला. सेन्सर खरा होता, जागा खोटी होती. गाडी उभी असतां रेडिएटरचा पंखा मागें फेकतो ती तप्त हवा त्यास लागे, आणि तो इमानानें तीच मोजी. नवा आणून त्याच जागीं बसविला असता तर त्यानेंहि तेंच सांगितलें असतें.

तेव्हां दोन हात तार डाख देऊन जोडली, सांध्यांवर उष्णतेनें आकसणारी नळी चढविली, आणि सेन्सर पुढच्या दिव्याखालीं, छायेंत आणि वाऱ्यांत बांधला. तार वाढल्यानें आंकडा बिघडेल ही भीति नको. अशा सेन्सरचा विद्युत्‌रोध हजारों ओहमांचा, तर वाढीव तारेचा एका ओहमाहूनहि कमी. मात्र हँडल दोन्ही बाजूंस पुरें वळवून तार ताणत नाहीं ना, हें पाहूनच गांठी आवळाव्या. उभ्या गाडीवर एक-दोन अंश अजूनहि अधिक दिसतात, तेवढें चालावयाचें.

पुढच्या आठवड्यांत त्याच वेळीं निघालों. शिक्रापुरास कोंडी तशीच होती. मापक ३१ वर होता. नाना मागून वांकून वांकून पाहत होते. रांजणगांवीं दर्शन झालें, आणि देवळाबाहेर येतांच त्यांनीं माईंस दूरध्वनि केला. प्रसादाचें राहूं दिलें. आधीं आंकडा सांगितला.