मागील बाकी आणि कार्तिकातला किनारा

दीपावलीच्या पहाटे सांगलीच्या मंदिरात निर्वाणलाडू चढला, सायंकाळी पेढीवर वहीपूजन झाले आणि भाऊबीज आटोपताच एका वृद्ध दांपत्याने घर सोडले. हळदीच्या अडतीत एक्केचाळीस वर्षे काढलेले अण्णा आणि त्यांच्या सहधर्मचारिणी काकू. या वर्षी वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढण्याचा मान अण्णांनी प्रथमच मुलाला दिला होता. त्यामुळे हा प्रवास निवृत्तीचा पहिला प्रवास होता. मात्र निघण्याचे कारण निवृत्ती एवढेच नव्हते.

वहीपूजनाच्या आदल्या दिवशी मुलगा जुन्या खातेवह्या चाळत होता. एका वहीत ‘कुमठा’ असे शीर्षक असलेले खाते त्याला दिसले. खात्यावर चोवीस वर्षांत एकही नोंद नव्हती, पण ते बंदही केलेले नव्हते. पानात काटा दुरुस्तीची एक पिवळी पडलेली पावती घडी घालून ठेवली होती. “अण्णा, हे खाते पुढे ओढायचे का?” मुलाने विचारले. अण्णा काही बोलले नाहीत. दिवा उजळीत असलेल्या काकूंनी मान वर न करता म्हटले, “ते ओढायचे नाही, फेडायचे आहे.”

प्रवासासाठी भाड्याने घेतलेली गाडी म्हणजे चाकांवरचे एक लहानसे घरच होते. इंग्रजीत तिला मोटारहोम म्हणतात. नातवंडांनी तिचे नाव ‘घरगाडी’ ठेवले. आत झोपण्याची जागा, दोन शेगड्या, पाण्याची टाकी आणि छोटेसे स्नानगृह. चालक मिरजेचा एक तरुण होता. त्याची निजण्याची जागा पुढच्या बाजूस वेगळी होती. सूर्यास्तापूर्वी जेवण, कंदमुळांचा त्याग आणि गाळलेले पाणी हे नियम पाळणाऱ्या गृहस्थाला परमुलखात उपाहारगृहांच्या दारी जाणे अवघड पडते. स्वयंपाकघरच सोबत असले की ती चिंता मिटते. काकूंनी ज्वारीचे पीठ, मुगाची डाळ, दशम्या आणि लसणावाचून केलेला भडंग बरोबर घेतला होता. पाणी गाळण्याचे दुहेरी वस्त्र त्यांनी सर्वांत वर ठेवले होते. जिथे विहीर मिळेल तिथले पाणी गाळून घ्यावे आणि जिवाणी त्याच विहिरीत अलगद परत सोडावी, हा परिपाठ त्यांनी सबंध वाटेवर मोडला नाही. चालक पहिल्या दिवशी साडेपाचच्या जेवणाला हसला. तिसऱ्या दिवशी तोच पाच वाजता विचारू लागला, “काकू, आज काय?”

निपाणीहून आजऱ्यामार्गे गाडी आंबोलीच्या घाटाने उतरली. पावसाळ्यातील धबधब्यांच्या जागी आता कातळावर ओलसर रेघा तेवढ्या उरल्या होत्या. घाटाखाली भात कापणीला आले होते आणि कापलेल्या खाचरांतून पेंढ्याचा गोड वास येत होता. शरद ऋतूत कोकणाचे आकाश धुतल्यासारखे होते. समुद्राचा पावसाळी गढूळपणा जातो आणि त्याला पुन्हा निळा रंग येतो. पहिला मुक्काम शिरोड्यास पडला. येथील मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर येथील शाळेत १९२० पासून अठरा वर्षे शिक्षक होते. आपल्या गावचा माणूस इतकी वर्षे या सुरूच्या बनांत आणि खाऱ्या वाऱ्यात राहिला, याचे काकूंना फार अप्रूप वाटले. मिठागरांत अजून पावसाचे पाणी होते. अण्णा बांधावर उभे राहून ते न्याहाळीत होते, पण दर अर्ध्या तासाने त्यांचा हात खिशातील दूरध्वनीकडे जात होता. बाजारभाव कळला तरी आता त्यांना करायचे काहीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी गोव्यात फोंड्याजवळ बांदिवडे येथे त्यांनी नेमिनाथ बसदीचे अवशेष पाहिले. छप्पर नाही, पूजा नाही. जांभ्या दगडाच्या भिंती आणि त्यांवर उगवलेले गवत. कधीकाळी या किनाऱ्यावर जैन श्रावकांची नांदती वस्ती होती, एवढीच साक्ष त्या भिंती देतात. काकूंनी तेथे बसून नऊ वेळा णमोकार म्हटला. नंतर गाडीने गोव्याची सीमा ओलांडली, काळी नदीवरून कारवार गाठले आणि तिसऱ्या दिवशी गंगावळी व अघनाशिनी या नद्या मागे टाकून ती दुपारी कुमठ्यास पोहोचली.

कुमठा ही सुपारीची जुनी पेठ. पिकलेली सुपारी सालासकट उन्हात सुमारे दीड महिना वाळवून मग सोलतात; तिला तिकडे ‘चाली’ म्हणतात. कार्तिकात नव्या पिकाची तोडणी सुरू होते आणि अंगणे सुपारीने भरू लागतात. याच पेठेतील एका व्यापाऱ्याकडून अण्णा पूर्वी सुपारी मागवीत असत. चोवीस वर्षांपूर्वी चाळीस पोती आली, तेव्हा अण्णांच्या वखारीतील काट्यावर अठ्ठ्याहत्तर किलो तूट निघाली. अण्णांनी बिलातून नऊ हजार तीनशे साठ रुपये कापले. तेवढ्यावर न थांबता ते स्वतः कुमठ्यास आले आणि दुकानाच्या पायरीवर उभे राहून चौघांदेखत त्या व्यापाऱ्यास काटामारू म्हणाले. व्यवहार तुटला. सहा महिन्यांनी वजनकाट्याची तपासणी झाली, तेव्हा दोष अण्णांच्याच काट्यात सापडला. शंभरामागे तीन किलो तो कमी दाखवीत होता. ज्या स्थानिक शेतकऱ्यांचा माल त्या काळात तोलला गेला होता, त्यांचे पैसे अण्णांनी बोलावून चुकते केले. कुमठ्याचे तेवढे राहिले. तिथे रक्कम पाठवून भागणार नव्हते, शब्द परत घ्यावा लागणार होता. आणि तो घेणे दर वर्षी पुढच्या वर्षावर जात राहिले. दशलक्षण पर्व संपले की पेढीवरून क्षमावाणीची पाचशे कार्डे जात. ज्यांचा कधी अपराध केला नाही अशा पाचशे जणांची क्षमा मागितली जाई आणि ज्याचा केला त्याच्या नावाचे कार्ड मात्र मेजाच्या खणात राही.

दुकान तेच होते. गादीवर ऐंशीच्या घरातील तोच गृहस्थ बसला होता. हिशेब आता त्याचा मुलगा संगणकावर पाहत होता. अण्णांनी पायरीवर वहाणा काढल्या आणि हात जोडले. “सांगलीहून आलो.”

गृहस्थाने चष्म्यावरून पाहिले. “ओळखले. काट्यावाले.”

पुढील संभाषण कानडीतून झाले. अण्णांनी काहीही न लपवता सर्व सांगितले, काटा दुरुस्तीची पावती पुढे ठेवली आणि एक पाकीट सरकवले. मुद्दल नऊ हजार तीनशे साठ, दरसाल दर शेकडा बारा दराने चोवीस वर्षांचे सरळ व्याज, एकूण छत्तीस हजार तीनशे सतरा. वृद्ध व्यापाऱ्याने नोटा मोजल्या, मुद्दल काढून घेतले आणि उरलेली रक्कम पाकिटासह परत सारली. “माल माझा होता, तेवढे पैसे माझे. व्याज कसले? मी तुम्हाला कर्ज दिले नव्हते.”

अण्णांना वाटले, संपले. ते उठू लागले.

“बसा,” गृहस्थ म्हणाला. “पैसे कापलेत याचे मला दुःख नव्हते. तेजीमंदीत याहून जास्त गेले. पण तुम्ही चौघांदेखत बोललात. त्या चौघांतले दोघे वारले, दोघे आहेत. त्यांना बोलावतो.”

निरोप घेऊन मुलगा गेला. त्या दोघांपैकी एकाचे घर गावाबाहेर होते. सूर्य कलू लागला. रस्त्याच्या कडेला घरगाडीत काकूंनी भाकरी झाकून ठेवली होती. पाच वाजले, साडेपाच वाजले. चालक दुकानात येऊन हळूच म्हणाला, “काका, काकू विचारतात, जेवायला येता ना? सहाला सूर्य बुडतो.” अण्णांनी दुकानाच्या दाराकडे पाहिले. उठून जेवून येणे सहज शक्य होते आणि कोणी त्यांना दोषही दिला नसता. “तू जेवून घे,” ते म्हणाले. “काकूंना सांग, आज माझा त्याग.” थोड्या वेळाने त्यांनी पाहिले, तो काकूंनीही भाकऱ्या डब्यात भरून शेगडी पुसून टाकली होती.

ते दोघे आले तेव्हा दिवे लागले होते. अण्णा पुन्हा त्याच पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, की चोवीस वर्षांपूर्वी येथे उभे राहून आपण यांना काटामारू म्हटले. तो शब्द खोटा होता, दोष आपल्या काट्यात होता आणि हे कळूनही आपण इतकी वर्षे गप्प राहिलो. दोघांपैकी एकास कमी ऐकू येत होते. त्याने कानाशी हात धरला. अण्णांना सर्व पुन्हा, मोठ्याने सांगावे लागले. शेजारच्या दुकानातील माणसे बाहेर येऊन उभी राहिली.

“आता ठीक,” व्यापारी म्हणाला. त्याने गळाभेट घेतली नाही, क्षमा केली असेही म्हटले नाही. अण्णा वहाणा घालीत असता तो एवढेच बोलला, “पुढच्या वर्षी कार्ड पाठवा. पत्ता तोच आहे.”

रात्री गाडी गावाबाहेर, परवानगी घेऊन, एका मंदिराच्या आवारात उभी होती. “त्यांनी क्षमा केली का?” काकूंनी विचारले. “म्हणाले नाहीत,” अण्णा उत्तरले. “अहो, मागणे आपल्या हातात, देणे त्यांच्या,” काकू म्हणाल्या. अण्णांनी मुलाला दूरध्वनी केला. बाजारभाव विचारला नाही. “कुमठ्याचे खाते बंद कर,” त्यांनी सांगितले, “बाकी शून्य.” त्यानंतर परतेपर्यंत तो दूरध्वनी काकूंच्या पिशवीत राहिला.

पुढचा प्रवास हलका झाला. होन्नावरहून शरावतीच्या काठाने आत गेले की गेरसोप्प्याची चतुर्मुख बसदी लागते. गर्द झाडीत चार दिशांना चार दारे असलेली दगडी वास्तू. ही एकेकाळच्या वैभवशाली राज्याची खूण. येथील जैन राणी चेन्नभैरादेवी हिने सोळाव्या शतकात दीर्घकाळ राज्य केले. तिच्या बंदरांतून मिरी परदेशी जाई. पोर्तुगीज तिला मिऱ्यांची राणी म्हणत. व्यापार आणि धर्म एकाच छताखाली नांदू शकतात याचे हे आपल्या समाजास विस्मरण झालेले उदाहरण. पुढे मरवंते येथे रस्त्याच्या एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी. काकूंनी गाडी तेथे थांबवायला लावली आणि दोघांनी सूर्यास्तापूर्वीचे जेवण लाटांसमोर घेतले.

उडुपीहून गाडी आत वळून कारकळास आली. कातळाच्या टेकडीवर बेचाळीस फूट उंचीचे भगवान बाहुबली उभे आहेत. राजा वीर पांड्याने १४३२ साली या मूर्तीची प्रतिष्ठा केली. काकूंचे गुडघे दुखतात, म्हणून दहा-दहा पायऱ्यांवर बसत त्या चढल्या. समोरच १५८६ सालची चतुर्मुख बसदी आणि पूर्वेस सह्याद्रीची निळी ओळ. परंपरा सांगते, की वर्षभर निश्चल तप करूनही बाहुबलींच्या मनात भरताविषयीचे एक सूक्ष्म शल्य उरले होते. ते गळाले तेव्हाच केवलज्ञान प्रकटले. ही कथा अण्णांनी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकली होती. त्या दुपारी ते मूर्तीच्या चरणांपाशी बराच वेळ बसून राहिले आणि काकूंनी त्यांना उठवले नाही.

शेवटचा मुक्काम मूडबिद्री. १४३० सालची हजार खांबांची बसदी, तिच्या दगडी खांबांवरील कोरीव काम आणि आत पंचधातूचे भगवान चंद्रनाथ. वेणूरचे १६०४ सालचे पस्तीस फुटी बाहुबली येथून जवळच. पण मराठी श्रावकाने मूडबिद्रीस जावे ते आणखी एका कारणासाठी. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके येथेच जपल्या गेल्या. त्या बाहेरच्या समाजापर्यंत पोहोचाव्यात म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद या व्यापाऱ्यांनी खटपट केली. नकला होण्यातच कित्येक वर्षे गेली, पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली अमरावतीहून पहिला खंड छापून निघाला. हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या हातांनी शास्त्राच्या वह्याही वाचवल्या.

परत आलेले व्याजाचे सव्वीस हजार नऊशे सत्तावन्न रुपये अण्णांच्या खिशात अजून तसेच होते. ते त्यांनी शास्त्रदानात दिले. पावती लिहिणाऱ्याने नाव विचारले, तेव्हा अण्णा क्षणभर थांबले. “नाव नको,” ते म्हणाले, “हे पैसे माझे नव्हते.”

परतीच्या वाटेवर घाट चढताना चालकाने विचारले, “काका, पुढच्या वर्षी कुठे?” अण्णांनी काकूंकडे पाहिले. “यांना विचार,” ते म्हणाले. “आता मला कुठलेच खाते पाहायचे नाही.” काकू खिडकीतून मागे पडणारी भातखाचरे पाहत होत्या. “आधी घरी जाऊ,” त्या म्हणाल्या. “कार्ड कोणाकोणाला पाठवायची, ती यादी या वर्षी नव्याने करायची आहे.”