इस्त्रीचा दिवा

आज तुम्हाला माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे. सांगताना अजूनही ओशाळायला होतं, पण सांगतोच.

माझा भाचा मुलुंडला राहतो. त्याच्याकडे दोन साप आहेत. घाबरू नका, विषारी नाहीत. बॉल पायथन म्हणतात त्यांना. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा छोटासा अजगर, चार-पाच फुटांचा. भ्याला की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. भाच्याने मात्र त्यांना लाडू आणि चकली करून टाकलंय! दोघांच्या पेट्या वेगळ्या. प्रत्येक पेटीच्या एका टोकाला खालून गरम करणारी विजेची चटई, दुसरं टोक गार. दोन्ही टोकांना लपायला एकेक पालथं मडकं.

जानेवारीत भाचा तीन दिवस लग्नाला गेला. किल्ली माझ्याकडे देताना म्हणाला, "मामा, फक्त पाणी बदल. बाकी कशालाही हात लावू नकोस हं."

त्या रात्री बरीच थंडी होती. मुलुंडच्या मागे नॅशनल पार्कचे डोंगर, त्यामुळे तिथे गारठा जरा जास्तच. मी शाल पांघरूनच गेलो. लाडू गार बाजूला पडला होता. हात लावला, तर अगदी थंडगार! चटईच्या यंत्राकडे पाहिलं, तर त्यावरचा दिवा विझलेला. मला वाटलं, यंत्र बिघडलं. बिचारा गारठून मरेल! मी चटईची पिन यंत्रातून काढली आणि थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसली. लाडूला उचलून गरम बाजूच्या मडक्याखाली ठेवलं आणि मोठं पुण्य केल्याच्या थाटात घरी जाऊन झोपलो.

सकाळी येऊन पेटीच्या तळाला हात लावला, तर चटका बसला. लाडूच्या पोटावरचे खवले लालभडक झाले होते. माझ्या पोटात गोळा आला. पिन काढली आणि भाच्याला फोन केला. त्याने मला त्याच्या नेहमीच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी मलम दिलं, पेटीत रोज कोरा कागद अंथरायला सांगितलं.

भाचा परत आला. रागावला नाही, पण बराच वेळ बोललाही नाही. मग म्हणाला, "मामा, इस्त्रीचा दिवा विझला की इस्त्री बिघडली म्हणतोस का?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते यंत्र म्हणजे थर्मोस्टॅट. चटईवरची जागा ३२ अंशांवर गेली की तो वीज तोडतो, निवाली की परत जोडतो. दिवा विझला होता तो काम चालू होतं म्हणून!

"पण तो थंडगार होता रे!" मी म्हणालो.

"तुझा हात ३७ अंशांच्या अंगाचा. २५ अंशांवरचा साप तुला गारच लागणार. त्याला हवं तेव्हा तो गरम बाजूला जातो, पुरे झालं की गार बाजूला येतो. आपण उन्हातून सावलीत येतो तसा."

सापाला आपल्यासारखी अंगात ऊब तयार करता येत नाही. ती बाहेरून घ्यावी लागते. पेटी सगळीच गार असेल, तर खाल्लेला उंदीर पचत नाही, उलटून पडतो. सगळीच तापली, तर पळायला जागा राहत नाही. आणि गंमत नव्हे, पण तापलेल्या जागेवरून साप लगेच उठेलच असं नाही. पुष्कळदा भाजेपर्यंत तिथेच पडून राहतो. म्हणून तापमान मोजायचं ते साप जिथे टेकतो तिथे, पेटीच्या छताशी नव्हे.

आपल्याकडचा भारतीय अजगर मात्र या बाबतीत नवलाचा. त्याची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालते आणि स्नायू थरथरवून ऊब निर्माण करते. बॉल पायथनची आई वेटोळं घालते, पण तिला ती थरथर साधत नाही.

हा आपला अजगर बोरिवली-मुलुंडच्या जंगलातही आहे. पण तो पाळायचा विचारसुद्धा करू नका, कायद्याने गुन्हा आहे. सोसायटीत दिसला तर लांब उभे राहा आणि मोठ्यांना वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायला सांगा. परदेशी बॉल पायथनचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारकडे नोंद करावी लागते. भाच्याने ती केली आहे.

लाडूने त्यानंतर तीनदा कात टाकली, तेव्हा कुठे डाग फिकट झाला. पुरता गेला नाहीच.

आईला थंडी वाजली की मुलाच्या अंगात स्वेटर चढतो, असं आपण गमतीने म्हणतो. मीही तेच केलं. थंडी मला वाजत होती आणि भाजला लाडू! माया खोटी नव्हती, पण मी तिला माप लावलं नाही.

गेल्या महिन्यात भाच्याने पुन्हा किल्ली दिली. मी दोन्ही टोकांचे थर्मामीटर वाचले, ते वहीत लिहिले, पाणी बदललं. यंत्रावरचा दिवा विझलेला होता. मी त्याच्याकडे पाहून हसलो आणि दार ओढून घेतलं.