पुढची तारीख

१९७३ साली कालनिर्णय निघालं आणि थोड्याच वर्षांत ते आमच्या साताऱ्याच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला लागलं. तिथी, एकादशी, संकष्टीचा चंद्रोदय हे सगळं छापलेलं असायचंच. आईचा कारभार चालायचा तो चौकोनातल्या उरलेल्या कोऱ्या जागेत. पेन्सिलीला टोक काढून ती लिहायची: दूध अर्धा लिटर जादा, गॅस लावला, सखूबाईंचा खाडा. वर्ष संपलं की कॅलेंडर रद्दीत जात नसे. गुंडाळी करायची, दोरा बांधायचा आणि माळ्यावर टाकायची. आई गेल्यावर घर आवरताना त्या गुंडाळ्या मी माझ्याकडे आणल्या.

१९८८ च्या गुंडाळीत दर तीन महिन्यांनी एका चौकोनात एकच शब्द आहे: परळ. मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता, तिचं ऑपरेशन टाटाला झालं होतं, आणि त्यानंतरच्या तपासण्यांच्या या तारखा. आईनं आजाराचं नाव कुठंच लिहिलेलं नाही, हॉस्पिटलचंही नाही. ‘परळ’ म्हटलं की घरच्यांना कळायचं आणि आल्यागेल्याला कळायचं नाही. मावशी आदल्या दिवशी कोरेगावहून यायची. दोघी बहिणी रात्रीची एसटी धरायच्या, दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत टेकायच्या आणि सकाळी रांगेला लागायच्या. परत आल्या की आई दारातूनच सांगायची, “पुढची तारीख दिलीय.” आमच्याकडे ही आनंदाची बातमी होती. तारीख मिळाली म्हणजे आज काही निघालं नाही.

चार-पाच वर्षांनी मावशीनं जाणं सोडलं. गुडघे दुखायचे, प्रवास झेपायचा नाही, आणि बरं तर वाटतंय, मग कशाला? कर्करोग तिला पुन्हा झाला नाही. एकोणऐंशीव्या वर्षी ती गेली ती हृदयविकारानं. एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठली याचं सगळ्यांना कौतुक होतं. तिचा रक्तदाब मधल्या वर्षांत कुणी नेमानं बघितला असेल असं मला वाटत नाही. कर्करोगातून लवकर सुटलेल्या पुष्कळ वयस्क बायकांचं पुढं असंच होतं. त्या कर्करोगानं जात नाहीत, हृदयानं जातात. हे मी वाचलं ते पुढं, माझ्यावर वेळ आल्यावर.

ती वेळ आली २०१८ मध्ये. मी त्रेपन्न वर्षांची, शाळेत गणित शिकवत होते, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. गाठ चौदा मिलिमीटरची, काखेतल्या गाठींमध्ये आजार नाही, हार्मोनला प्रतिसाद देणारी जात. पुण्यात ऑपरेशन झालं, स्तन राखून फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा भाग काढला. मग तीन आठवडे रेडिएशन, आणि त्यानंतर रोज एक लेट्रोझोलची गोळी, पाच वर्षं. केमो लागली नाही. तेव्हा माझ्या कॅलेंडरचे चौकोन आईच्या चौकोनांपेक्षा गच्च भरलेले होते. रोज कुणीतरी मला बघत होतं, मोजत होतं, मशीनखाली सरळ निजवत होतं. रेडिएशनच्या शेवटच्या दिवशी तिथल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी घरी आले, आणि पुढचा अख्खा महिना कोरा. उपचार चालू असताना मी एकदाही रडले नव्हते, त्या महिन्यात रडले. आता मला बघणारं कोण?

“तीन महिन्यांनी या,” सर्जनबाईंनी सांगितलं होतं. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, चौथ्या-पाचव्या वर्षी सहा ते बारा महिन्यांनी, पुढं वर्षातून एकदा. आणि दर वर्षी मॅमोग्राफी, त्यातली पहिली रेडिएशन संपल्यावर सहा महिने जाऊ देऊन. जगभर साधारण हाच पाठ आहे. मला वाटलं होतं, त्या पहिल्या भेटीत मला डोक्यापासून पायापर्यंत मशीनमधून काढतील. बाईंनी आधी खुर्चीत बसवून नुसते प्रश्न विचारले. “काकू, पाठ दुखते? कुठं, बोट ठेवून दाखवा. रात्री झोपेतून उठवते का? खोकला? चालताना धाप? जेवण कमी झालंय? सारखं डोकं दुखतं? अंगावरून कधी लाल गेलं? सांधे सकाळी आखडतात? गोळी रोज घेता की राहते मधेच?” आणि शेवटी, माझ्याकडे नीट बघत, “मन कसं आहे?”

मग तपासणी. आधी बसवून, हात मांडीवर ठेवून बघितलं. मग हात कमरेवर दाबून, मग डोक्यावर. दोन्ही बाजू सारख्या उचलल्या जातात का, कुठं कातडी आत ओढली जाते का, हे त्या लांबून बघत होत्या. मग आडवं निजवून तीन बोटांच्या पेरांनी, गोल गोल, आधी हलकं आणि मग खोल, गळ्याच्या हाडापासून खालपर्यंत एकही जागा न सोडता. व्रणावरून बोट सावकाश फिरवलं. काखेत हात घालताना माझा दंड त्यांनी स्वतःच्या हातावर तोलून धरला, म्हणजे स्नायू सैल पडतात. गळ्याच्या हाडामागचे खड्डे चाचपले. बरगडीखाली दाबून मोठा श्वास घ्यायला लावला, यकृत हाताला लागतं का ते बघायला. पाठीच्या मणक्यांवर वरून खाली मुठीनं हलक्या टिचक्या मारल्या. शिंप्याच्या टेपनं दोन्ही दंड मोजले आणि आकडे लिहिले, सूज धरतेय का ते पुढच्या वेळी ताडून बघण्यासाठी. या सगळ्याला फार तर पंधरा मिनिटं लागली असतील. आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक मला कुणी तपासलं नव्हतं.

सराव असलेल्या हाताला किती कळतं, याचा एक मोठा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. टाटा मेमोरियलनं १९९८ मध्ये वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त निरोगी बायकांवर अभ्यास सुरू केला. निम्म्या बायकांची स्तनतपासणी ठरावीक काळानं शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका हातानं करायच्या. वीसहून जास्त वर्षांनी, २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते. तो अभ्यास माझ्यासारख्या उपचार झालेल्या बायकांचा नव्हता, हे मला कळतं. तरी टेबलावर निजले की मला त्या सेविकांची आठवण येते.

घरी मात्र कुणाचं समाधान होत नव्हतं. “एवढंच? स्कॅन नाही? रक्त नाही?” धाकट्या दिरांनी ट्यूमर मार्करसकटच्या पॅकेजची जाहिरात पाठवली. भाची न्यू जर्सीहून फोनवर म्हणाली, “मामी, पेट स्कॅन करून घे, पैशाचं मी बघते.” प्रेमापोटीच सगळं. मलाही आतून तेच हवं होतं. मी दुसऱ्या भेटीत विचारलं. बाईंनी समोरच्या कागदावर स्तन काढले, मग खाली मणका, फुप्फुसं, यकृत. “आजार इथं परत आला,” त्यांनी स्तनावर पेन ठेवलं, “किंवा दुसऱ्या बाजूला नवा झाला, तर लवकर सापडल्यावर तो पुन्हा पूर्ण बरा होऊ शकतो. म्हणून मॅमोग्राफी आणि हात. खाली कुठं गेला, तर काही त्रास नसताना चार महिने आधी कळून आयुष्य वाढत नाही. वाढतं का, हे लोकांनी करून बघितलंय.”

करून बघितलं होतं ते इटलीत. १९९४ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले, एकात १,२४३ बायका, दुसऱ्यात १,३२०. निम्म्यांची नेमानं हाडांचे स्कॅन, छातीचे एक्स-रे असली जादा तपासणी होत राहिली, निम्म्यांची फक्त प्रश्न, हात आणि मॅमोग्राफी. काही वर्षांनी मोजलं तर दोन्हीकडे जगण्याचं प्रमाण सारखंच. मार्करचंही तसंच. सीए १५-३ हा आकडा यकृताच्या साध्या दुखण्यातही वर जातो. आमच्याच गल्लीतल्या एका बाईंचा असा वर गेला, मग सीटी, मग आणखी कुठं सुई, तीन महिने घरात चूल धड पेटली नाही, आणि निघालं काहीच नाही. सर्जनबाई हेही बजावून म्हणाल्या की त्रास असेल तर गोष्ट निराळी, मग लागेल तो स्कॅन लगेच. “म्हणून तर मी इतकं विचारते, काकू. तुमची उत्तरं हीच माझी पहिली तपासणी.”

तेव्हापासून मी कॅलेंडरवर दुखणीही लिहायला लागले. आईसारखी पेन्सिल, पण शब्द पूर्ण. ‘उजवा गुडघा.’ ‘रात्री घामाघूम, दोनदा.’ ‘गोळी राहिली.’ कुठलंही नवं दुखणं दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही तर त्या तारखेभोवती गोल. भेटीला जाताना त्या महिन्यांची पानं मोबाइलवर काढून नेते. डॉक्टरांपुढं बसलं की माणूस सगळं विसरतो आणि “तसं बरं आहे” म्हणून उठतो.

२०२१ च्या मार्चमध्ये असे तीन गोल लागोपाठ आहेत: ‘पाठ’. बादली उचलताना कळ आली आणि ती गेलीच नाही. एमआरआय झाला. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस ह्यांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं नाही. आजार नव्हता. छाती-कमरेच्या सांध्यावरचा मणका दबला होता, हाडं ठिसूळ झाल्यामुळं. लेट्रोझोल शरीरातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेन बंद करते, त्यावर तर तिचं सगळं काम चालतं; पण इस्ट्रोजेन गेलं की हाडं झिजतात. म्हणून गोळी सुरू करतानाच डेक्सा करून हाडांची घनता बघायची असते आणि पुढं साधारण दर दोन वर्षांनी. माझी एकदाही झाली नव्हती. सर्जनबाई वर्षभरापूर्वी दुसऱ्या शहरात गेल्या होत्या. रेडिएशनच्या डॉक्टरांना वाटलं, गोळी लिहून देणारे बघत असतील. गोळी लिहून देणाऱ्यांना वाटलं, आधीच झाली असेल. माझ्या फायलीत तिघांच्या तारखा होत्या, तिघंही मनापासून बघणारे होते, आणि मधली जागा कुणाचीच नव्हती. मला त्याचा राग आला, अजूनही येतो. पाच वर्षांची गोळी देताना तिच्याबरोबर कोणत्या तपासण्या, कधी आणि कुणी करायच्या, हे एका कागदावर लिहून रोग्याच्या हातात देणं अवघड नाही. प्रत्येक हॉस्पिटलनं ते दिलंच पाहिजे.

शेवटी तो कागद आम्ही साताऱ्यातच केला. आमचे फॅमिली डॉक्टर माझे विद्यार्थी, अजून मला बाई म्हणतात. “बाई, कर्करोगातलं मला काय कळतं?” म्हणून ते आधी मागं सरले. मी त्यांना कॅनडातला एक अभ्यास वाचायला दिला, २००६ सालचा. लवकरच्या टप्प्यात उपचार झालेल्या ९६८ बायकांपैकी निम्म्या कर्करोग केंद्रात जात राहिल्या, निम्म्यांना एका पानाची माहिती देऊन त्यांच्या फॅमिली डॉक्टरांकडे सोपवलं. आजार उलटल्यानं होणारी गंभीर गुंतागुंत दोन्हीकडे सारखीच. डॉक्टरांनी तो रात्रीत वाचला आणि पुण्याला फोन लावला. आता वर्षाची मोठी तपासणी पुण्यात, बाकी सगळं त्यांच्याकडे: रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, वजन, ड जीवनसत्त्व, डेक्साची तारीख, दंडाचं माप. झोप लागते का, हेही तेच विचारतात. परळच्या रांगेतून परतलेल्या मावशीला कोरेगावात असं कुणी हवं होतं.

२०२३ मध्ये पाच वर्षं झाली, गोळी थांबली. हाडांकडे बघता आणखी वाढवण्यात माझा फायदा नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. नातेवाइकांनी पेढे आणले, “सुटलीस!” म्हणाले. पेढे मी आनंदानं खाल्ले. पण माझ्या जातीच्या आजाराला पाच वर्षांची रेघ ठाऊक नसते. २०१७ मध्ये बासष्ट हजारांहून जास्त बायकांच्या नोंदी एकत्र करून बघितलं, तेव्हा पाच वर्षं गोळ्या घेऊन बऱ्या राहिलेल्यांमध्येही आजार विसाव्या वर्षापर्यंत थोडा थोडा उलटतच राहिलेला दिसला. लहान गाठ आणि स्वच्छ काख असलेल्यांमध्ये या पंधरा वर्षांत शंभरात तेराजणींचा तो शरीरात दुसरीकडे गेला. म्हणजे सत्त्याऐंशीजणींचा गेला नाही, हेही त्याच आकड्यात आहे. गणिताच्या मास्तरणीला दोन्ही बाजू वाचता येतात.

यंदाच्या भेटीत बोलायच्या गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात पन्नाशीपुढच्या बायकांना ऑपरेशननंतर तीन वर्षं झाली की, स्तन राखलेला असेल तर मॅमोग्राफी दोन वर्षांतून एकदा केली तरी चालतं असं दिसलंय. ते मला लागू करायचं का, हे पुण्यात विचारायचं आहे. माझा कल अजून दर वर्षीकडे आहे, पण कारण ऐकून घेईन. हाडांसाठी वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनिक अॅसिड देतात, त्याचा यंदाचा डोस बाकी आहे. त्या औषधावर असताना दात काढायची वेळ आली तर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो, म्हणून दाढेचं काम आधी उरकायला हवं. दातांच्या डॉक्टरांची वेळ सोमवारी साडेदहाची मिळाली आहे.